कल, ओढा, वळण : भूमीचे शब्द आणि मनाचे शब्द

संस्कृत काव्यशास्त्रात लक्षणा शिकवायची झाली की शतकानुशतके एकच उदाहरण पुढे येते: गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’तही तेच आहे. वाहत्या पाण्यावर झोपड्या उभ्या राहत नाहीत, म्हणून शब्दाचा सरळ अर्थ अडतो. तो अडला की मन त्याला लागून असलेल्या दुसऱ्या अर्थाकडे, म्हणजे काठाकडे, वळते. आणि ‘काठावर’ न म्हणता ‘गंगेवर’ म्हटल्यामुळे त्या वस्तीचा गारवा आणि तिचे पावित्र्य ऐकणाऱ्यापर्यंत पोचते. शास्त्रकारांना उदाहरण प्रेमातले घेता आले असते, युद्धातले घेता आले असते. त्यांनी नदी घेतली. शब्दाचा सरळ अर्थ कुठे संपतो आणि लाक्षणिक कुठे सुरू होतो हे दाखवायला भूगोलाइतके चांगले मैदान नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते असे मला वाटते. वाई कृष्णेवर आहे असे आपण आजही सहज म्हणतो, आणि कुणालाही ते गाव पाण्यात दिसत नाही.

पुढच्या पानांत भूगोलाचे आणि भूमितीचे शब्द एकत्र केले आहेत. हे शब्द जमिनीवर काय सांगतात आणि मनाबद्दल, माणसांबद्दल, सत्तेबद्दल बोलताना काय सांगतात, हे दोन्ही शेजारी-शेजारी ठेवले आहे. शब्द जमवायला जागा निवडली ती गुंजवण्याची. पुणे जिल्ह्यात भोर आणि वेल्हे हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. वेल्ह्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. गुंजवणे हे राजगड किल्ल्याच्या पायथ्याचे, गुंजवणीच्या खोऱ्यातले गाव. या नदीचे पाणी नीरेला, नीरेचे भीमेला आणि भीमेचे कृष्णेला मिळते. घाटमाथ्याच्या पलीकडे पडणारा पाऊस मात्र काही तासांत कोकणातल्या समुद्राकडे निघालेला असतो. असा चढउतारांनी भरलेला मुलूख शब्दांच्या बाबतीतही श्रीमंत असतो. सपाट प्रदेशाला इतकी नावे लागत नाहीत.

गुंजवण्यातून वर पाहिले की गडाचा प्रत्येक भाग कशाचे तरी नाव घेऊन उभा आहे. डोंगराला माथा आहे, खांदा आहे, पायथा आहे, कूस आहे. त्याची लांब उतरत गेलेली धार म्हणजे सोंड. कड्याच्या अर्ध्या उंचीवर झाडीचा सपाट पट्टा असतो, त्याला पदर म्हणतात, आणि चढताना लोक ‘पदरात पोचलो’ असे बोलतात. दोन कड्यांच्या बेचक्यातून उतरणारी दगडांची वाट ती नाळ. किल्ल्याच्या मुख्य उंचवट्याखाली जी सपाटी असते ती माची. शेतात राखणीसाठी उभारलेल्या मांडवालाही माची म्हणत आणि मचाण हा शब्द त्याच घरातला. राजगडाला अशा तीन माच्या आहेत, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी, आणि मधोमध बालेकिल्ला. सुवेळा माचीवर कातळाला आरपार भोक आहे. त्याचे नाव नेढे. सुईच्या भोकाला नेढे म्हणतात, कुऱ्हाडीत दांडा जिथे बसतो त्या भोकालाही नेढेच म्हणतात.

हे पाहिल्यावर पहिला समज बदलतो. शब्दाचा मूळ अर्थ जमिनीतला, नंतर कुणीतरी तो उचलून मनाला लावला, असे आपण शाळेत शिकलेलो असतो. प्रत्यक्षात सह्याद्रीची नावे आधीच लाक्षणिक आहेत. माणसाचे शरीर, लुगड्याचा पदर, शिवणाची सुई, हत्ती, शेतावरचा मांडव हे सगळे डोंगरावर चढले आणि डोंगराचे झाले. मग तिथून ते पुन्हा खाली आले. ‘या प्रश्नाला अनेक पदर आहेत’ असे लिहिणारा लुगड्याच्या पदराबद्दल बोलतो की डोंगराच्या? दोन्ही त्या वाक्यात बसतात. मला विचाराल तर डोंगराचा पदर अधिक नेमका बसतो, कारण तो खालून दिसत नाही. वर गेल्यावरच कळते की मध्ये एवढी जागा होती.

शीर्षकातले तीन शब्द मी मुद्दाम निवडले, कारण लक्षणेचे काम त्यांच्यात सगळ्यांत स्वच्छ दिसते. भाताच्या खाचरात जमिनीचा कल कळल्याशिवाय काही करता येत नाही. खाचर समपातळीत नसेल तर एका बाजूचे रोप बुडते आणि दुसऱ्या बाजूचे सुकते. कल म्हणजे पाणी अजून गेलेले नाही, पण जायचे झाले तर कुठे जाईल ते. मतमोजणीच्या सकाळी ‘सुरुवातीचे कल हाती येत आहेत’ असे आपण ऐकतो, तेव्हा हा शब्द अगदी त्याच्या जागी असतो: निकाल नाही, झुकाव आहे. ओढ्याचे तसे नाही. ओढा वाहतो. ‘तिचा गाण्याकडे कल आहे’ आणि ‘तिचा गाण्याकडे ओढा आहे’ ही दोन वाक्ये सारखी वाटली तरी पहिल्यात जमीन नुसती झुकलेली आहे आणि दुसऱ्यात पाणी निघालेले आहे. जातिवंत मराठी बोलणारा या दोन शब्दांची अदलाबदल करत नाही, आणि नियम विचारला तर त्याला सांगता येणार नाही. नियम जमिनीत आहे.

वळण त्याहून खोल. रस्त्याला वळण असते, अक्षराला वळण असते, मुलांना वळण लावावे लागते. पाटबंधाऱ्यांच्या भाषेत वळण-बंधारा असतो. तो पाणी साठवत नाही, दुसरीकडे वळवतो. ‘वळणाचे पाणी वळणावर जाते’ ही म्हण संस्कारांबद्दल वापरली जाते आणि तिच्यात दोन्ही बाजू आहेत: पाण्याला वळण लावता येते, आणि एकदा लागलेले वळण पाणी सोडत नाही. मुलाला वळण लावणे म्हणजे त्याला साच्यात ओतणे नव्हे. पाणी त्याचेच, उतारही त्याचाच, फक्त वाट थोडी बदललेली. शिक्षणाबद्दल मराठीने इतके शहाणपणाचे दुसरे काही म्हटलेले मला माहीत नाही.

उतार, घाट, दरी, कडा यांची कुळे संग्रहात सविस्तर दिली आहेत, म्हणून इथे त्यांवर फार थांबत नाही. उतार म्हणजे ढाळ आणि नदी पायी ओलांडता येते ती जागाही. त्यातूनच उतारू आला. उतारवय, तापाचा उतार, विषावरचा उतारा, सातबाराचा उतारा हे सगळे त्या परिवारातले. घाट डोंगरात असतो, नदीला असतो आणि ‘लग्नाचा घाट घातला’ यातही असतो. दरीचे मात्र वाईट वाटते. ‘गरीब-श्रीमंतांमधली दरी’ इतक्या वेळा लिहिली गेली आहे की तिच्यात आता कुणाला खोली दिसत नाही.

नदीने दिलेले शब्द बहुतेक संस्कृतातून आले आणि इतके मुरले की त्यांच्यातले पाणी दिसेनासे झाले. कूल म्हणजे काठ. त्यावरून अनुकूल आणि प्रतिकूल. पार म्हणजे पलीकडचा तीर. तो गाठला तो पारंगत. तटावर उभा तो तटस्थ. यात ‘तट’ मला विशेष लक्ष देण्याजोगा वाटतो. मराठीत तट म्हणजे नदीचा काठही आणि किल्ल्याची भिंतही, आणि ‘गावात दोन तट पडले’ म्हटले की तट म्हणजे पक्ष. एकाच शब्दातून भांडणारे निघाले आणि भांडणापासून दूर उभा राहणाराही निघाला. तटस्थ माणूस प्रवाहात नसतो एवढेच खरे. तो कोणत्या तरी एका काठावर असतोच, हे त्या शब्दात पहिल्यापासून आहे आणि तटस्थपणाची ग्वाही देणाऱ्यांनी ते ध्यानात घ्यावे असे मला मनापासून वाटते.

राजकारणाच्या मराठीने तर आपला सगळा संसार गडावर मांडला आहे. पक्षाला खिंडार पडते, बुरूज ढासळतात, मोर्चेबांधणी होते, सुरुंग लागतो, मतदारसंघ बालेकिल्ला असतो. बालेकिल्ल्यातला ‘बाला’ फारसी आहे, अर्थ ‘वरचा’. राजगडाचा बालेकिल्ला पाहिला की या शब्दाचा वर्तमानपत्री वापर किती सैल आहे ते कळते. तिथली चढण उभी आहे, जागा मोजकी आहे. माच्या हातच्या गेल्या, तर शेवटी जिथे जाऊन लढायचे ती ही जागा. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १७१५ च्या आज्ञापत्रात दुर्गांचे प्रकरण आहे. किल्ल्याशेजारी त्याच्यावर मारा करू शकेल असा दुसरा डोंगर असू नये, एकच दरवाजा असणे हा दोष आहे, अशा गोष्टी त्यात बारकाईने सांगितल्या आहेत. या हिशेबाने बालेकिल्ला ही सर्वांत बळकट जागा खरी, पण तिचे बळ कामी येते ते बाकी सगळे गेल्यावर. ‘बालेकिल्ला ढासळला, तरी पक्ष भक्कम’ असे वाक्य गडाच्या भाषेत होऊच शकत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले, त्यांत राजगड आहे, आणि नोंद झाली ती ‘लष्करी भूदृश्य’ म्हणून. म्हणजे दगडी बांधकामाइतकाच डोंगराचा आकार हाही वारसा मानला गेला. त्या आकाराचे शब्दही त्याच वारशात मोजावेत, एवढे माझे म्हणणे आहे.

‘खिंड लढवणे’ या वाक्प्रचाराचा भोरशी सरळ संबंध आहे. १६६० च्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे लोक लढले. बांदल हे हिरडस मावळचे देशमुख, आणि हिरडस मावळ म्हणजे आजच्या भोर तालुक्याचा भाग. खिंडीचे मर्म तिच्या अरुंदपणात आहे. समोरचे कितीही असले तरी एका वेळी थोडेच पुढे येऊ शकतात, म्हणून थोडे लोक पुष्कळांना रोखू शकतात, आणि तेही कायमचे नाही, कुणीतरी दुसरीकडे सुखरूप पोचेपर्यंत. थोडे लोक, अरुंद जागा आणि मिळवायचा वेळ, या तिन्ही गोष्टी असतील तरच तो शब्द शोभतो. सामना वाचवायला दिवसभर खेळपट्टीवर उभा राहिलेला शेवटचा फलंदाज खिंड लढवतो. भरल्या सभागृहात बहुमत पाठीशी असताना भाषण करणारा मंत्री खिंड लढवत नाही.

दिशांच्या शब्दांत काळ लपलेला आहे. उगवतीकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस डोळ्यांपुढे आणला की पूर्व म्हणजे समोरची दिशा आणि आधीचा काळ, पश्चिम म्हणजे पाठीमागची दिशा आणि नंतरचा काळ, दक्षिण म्हणजे उजवा हात हे सगळे उलगडते. मावळ हा शब्दही सूर्य मावळण्याशी जोडला जातो; पुण्याच्या पश्चिमेची ही खोरी म्हणजे मावळतीचा मुलूख. गुंजवण्याचा परिसर जुन्या कागदांत गुंजण मावळ म्हणून येतो. आणि ‘देश’? कोकणातला माणूस घाट चढून ‘देशावर’ येतो. पठार या अर्थाचा देश आणि राष्ट्र या अर्थाचा देश एकाच तोंडात एकमेकांना धक्का न लावता नांदतात.

भूमितीचे शब्द कोरडे आहेत असा समज आहे. तो जायला भास्कराचार्यांची ‘लीलावती’ पुरेशी आहे. ११५० च्या त्या ग्रंथात या विषयाला क्षेत्रव्यवहार म्हटले आहे. क्षेत्र म्हणजे शेत. काटकोन त्रिकोणाच्या बाजूंची नावे भुज, कोटी आणि कर्ण. भुज म्हणजे बाहू, कर्ण म्हणजे कान, कोटी म्हणजे धनुष्याचे टोक. वर्तुळाचा तुकडा तो चाप, म्हणजे धनुष्य; त्याची दोन टोके जोडणारी सरळ रेषा ती ज्या, म्हणजे दोरी; आणि मधला शर, म्हणजे बाण. एक धनुर्धर उभा करून त्याच्यावर सारी भूमिती चढवली आहे. आपली त्रिज्या ही त्या दोरीचीच लेक: तीन राशींची, म्हणजे नव्वद अंशांची ज्या. कोटी पुढे पराकोटीत गेली, पराकोटीचा संताप, पराकोटीची निष्ठा. ताणून ताणून धनुष्याच्या टोकाला नेलेली भावना.

ज्येचा प्रवास तर पृथ्वीभर झाला. अरबी गणितज्ञांनी तिचा ‘जीवा’ हा पर्यायी शब्द ध्वनीसकट उचलला आणि स्वरचिन्हांविना लिहिला. बाराव्या शतकात त्याचे लॅटिन करताना तो ‘जैब’ असा वाचला गेला; जैब म्हणजे वस्त्राची घडी किंवा खिसा. म्हणून लॅटिनमध्ये त्याच अर्थाचा ‘सायनस’ आला, ज्याचा आणखी एक अर्थ आखात असा आहे. आज शाळेतली मुले ‘साइन थीटा’ म्हणतात तेव्हा धनुष्याची दोरी, खिसा आणि समुद्राचे आखात त्यांच्या वहीत एकत्र असतात. केंद्र उलट्या वाटेने आले. ते मूळ ग्रीक, टोचणीचे टोक या अर्थाचे, ज्योतिषाबरोबर इकडे पोचले आणि आता दिल्लीच्या सरकारला आपण ‘केंद्र’ म्हणतो. परीघ संस्कृतात दाराचा लोखंडी अडसर होता. मराठीत त्याने वर्तुळाची कड धरली आणि पुढे ‘परिघावरचे समाज’ अशा शब्दयोजनेत तो पुन्हा अडसराच्या जवळ आला: दार ज्यांना बंद आहे ते.

घरगुती मराठीतली भूमिती वेगळी, आणि मला ती जास्त प्रिय आहे. चौरस आहार, चौकोनी कुटुंब, वाकड्यात शिरणे, आडवे येणे, तिरके बोलणे, काठावर पास होणे. यांत ‘उभा’ सर्वांत मोठा. उभा जन्म, उभे आयुष्य, उभा महाराष्ट्र: जे उभे आहे ते संपूर्ण आहे असा हिशेब या भाषेने मांडला आहे. त्यामानाने दृष्टिकोन, केंद्रबिंदू, समांतर यांसारखे छापील शब्द उपयोगी आहेत पण अजून त्यांच्यात ऊब आलेली नाही.

आता रेषेबद्दल, कारण या संग्रहाची सर्वांत गंभीर नोंद तीच आहे. ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणजे न पुसणारी, न बदलणारी गोष्ट. भूमितीतल्या रेषेला जाडी नसते, ती कुठे दिसत नाही. पण कागदावर ओढलेली रेषा माणसांच्या आयुष्यात काळ्या दगडावरच्या रेघेसारखी उतरू शकते. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २,२५० कॅलरींचे अन्न मिळण्यापुरता खर्च ज्याला करता येत नाही तो गरीब, असे माप त्यांनी धरले. त्या मापाची रेषा हे आकलनाचे साधन होते. पुढे दारिद्र्यरेषा हा शब्द सरकारी कागदांतून गावोगाव गेला, आणि रेषेखाली की रेषेवर यावर धान्य, उपचार, घरकुल ठरू लागले. महाराष्ट्रात १९९९ पासून शिधापत्रिकेचे रंगही तीन झाले, पिवळा, केशरी आणि पांढरा. रेषा ही प्रतिमा होती. तिला जागा, रंग आणि परिणाम मिळाले. लाक्षणिक अर्थ असा उलटा चालून शब्दशः होतो, याचे यापेक्षा ठळक उदाहरण मराठीत नाही.

पूररेषांचेही तसेच. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. नदीकाठी उभे राहिले तर दोन्ही दिसत नाहीत, पण कुणाचे घर कुठे बांधता येईल ते त्या ठरवतात. याउलट शिवकाळात जमीन मोजायची ती काठीने. सभासदाच्या बखरीप्रमाणे ती पाच हात पाच मुठींची; अशा वीस काठ्या औरस-चौरस म्हणजे एक बिघा. हात आणि मूठ शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे असत, म्हणून तंटा झाला तरी कशावरून झाला ते दोघांनाही कळे. आजच्या रेषा अधिक अचूक आहेत. ज्यांच्या शेतावरून त्या जातात त्यांना त्या समजावून सांगायला मात्र शब्द हवेत, आणि ते ‘हद्द’, ‘शीव’, ‘बांध’ या जुन्या घरांतूनच आणावे लागतील.

संग्रहाच्या रचनेबद्दल थोडेसे. मोल्सवर्थचा १८३१ चा कोश, त्याची १८५७ ची वाढवलेली आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळातला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे या कामाचे आधार. त्यांत डोंगराळ भागातले पुष्कळ शब्द आहेत, पण वर्णानुक्रमामुळे ते विखुरलेले आहेत. सोंड हत्तीपाशी आणि पदर लुगड्यापाशी जाऊन बसतो. इथे क्रम जमिनीचा ठेवला आहे. नदीच्या पात्रापासून सुरुवात करून काठ, खाचर, माळ, ओढा, पदर, सोंड, माची, माथा असे वर चढायचे, मग दिशा, आणि त्यानंतर भूमिती. प्रत्येक नोंदीत जमिनीवरचा अर्थ आणि मनाचा अर्थ सारख्याच अक्षरात छापले आहेत. एकाला मूळ आणि दुसऱ्याला लाक्षणिक अशी खूण केलेली नाही, कारण नेढे आणि पदर यांच्या बाबतीत ती खूण कुठे करायची हे कुणालाच ठरवता येणार नाही.

समुद्राचे शब्द या पानांत नाहीत. भरती, ओहोटी, खाडी, धक्का, उधाण यांनीही मराठी मनाला भरपूर दिले आहे. पण ते कोकणात उतरणाऱ्या वरंधा घाटाच्या खालचे धन आहे, आणि त्याची नोंद पाण्यात वाढलेल्या माणसाने करायला हवी.